डबल बेल

"माझ्यामागे यांच्या कानाशी डबल बेल वाजू देऊ नकोस हं," भुंगीची आजी आपल्या मुलीला म्हणाली होती. "उठून चालायला लागतील. आणि विचारलंस तर म्हणतील, मी मुद्दामच निघालो."

आजी तेव्हा आजारी होती आणि पडल्या पडल्या घर चालवत होती. पाण्याची मोटर कुठे अडते, इस्त्रीची वायर कुठे गरम होते आणि नवरा कसा हाताळायचा, या सगळ्या सूचना ती एकाच दमात देई. भुंगीची आई शेजारी बसून बाळाची दुपटी घडी करत होती. कुणी 'छत्री घे' म्हटलं की आपण ज्या सुरात 'हो' म्हणतो, त्याच सुरात ती 'हो गं आई' म्हणाली. मोटर आणि इस्त्री तिने लक्षात ठेवली. डबल बेल विसरली.

खरं तर विसरायला नको होतं, कारण ती त्या बेलवरच वाढली होती. तिचे वडील बसचे ड्रायव्हर आणि आई त्याच बसची कंडक्टर. आईने दोरी एकदा ओढली की बाबांच्या डोक्यावरची घंटा एकदा वाजायची: थांबा. दोनदा ओढली की निघा. शाळा सुटली की मुलगी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायची. समोर बाबांची मान, मागे आईचा आवाज, आणि डोक्यावरून गेलेली दोरी. दुसरी घंटा पुरती वाजायच्या आत बाबांचा पाय हललेला असायचा. पण ते मान्य करत नसत.

"गाडी मी चालवतो. बेल आपली नावाला."

"हो तर," मागून आई म्हणायची, "मी नुसती दोरीला लटकायला येते."

घरी दोरी नव्हती, पण डाव आणि पातेलं होतं. आईने डाव दोनदा आपटला की बाबा पेपर ठेवून जेवायला उठत. "मुद्दामच उठलो. भूक लागली होती." एकदा आपटला की पाहुण्यांना सांगत असलेली गोष्ट ते अर्ध्यात सोडत. "मुद्दामच थांबलो. पुढे काही खास नाही." शर्ट उलटा घातलेला सापडला, तर शिवण टोचते म्हणून मुद्दाम. चहात मीठ पडलं, तर घशाला बरं म्हणून मुद्दाम. लग्नाचं कोणी विचारलं की बाबा छाती काढून सांगत, "मीच विचारलं हिला." त्यावर आई म्हणे, "विचारताय कसले. शेवटच्या स्टॉपवर गाडी रिकामी झाली तरी स्टिअरिंग धरून बसून होतात. शेवटी मीच डबल बेल दिली."

पुढे मुलीने कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. एका तासाला सर म्हणाले की पुष्कळदा हात आधी हलतो आणि 'मी हलवला' असं मनाला मागाहून वाटतं. मन म्हणजे ऑफिसातला तो साहेब, जो फाइल पुढे गेल्यावर सही करतो आणि घरी जाऊन सांगतो, आज एक मोठा निर्णय घेतला. वर्ग हसला. तिला बाबा आठवले. परीक्षेत तिने या प्रश्नाचं उत्तर झकास लिहिलं आणि स्वतःला मात्र त्यातून वगळलं. ती विचार करून वागणारी होती. गॅस बंद केलाय का ते पुन्हा जाऊन बघणारी. भुंगी झाल्यावर तर द्राक्षसुद्धा चार तुकडे केल्याशिवाय तिला न देणारी.

मग आजी गेली, आणि आजोबा थांबले.

म्हणजे तसं बघायला गेलं तर सगळं ठीक होतं. ते मुलीकडे राहायला आले, खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. पण चहाचा कप हातात घेत आणि तसाच धरून बसत. एक बाही घालून झाली की दुसरी हवेत राही. आंघोळीला म्हणून उठत आणि टॉवेल खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये उभे. "बाबा, जाताय ना?" "जातोय की." आणि तिथेच उभे. भुंगीची आई लांबून बघत राही. हे विसरणं आहे, दुखणं आहे, की नुसतं म्हातारपण, ते तिला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तब्येत ठणठणीत आहे." ठणठणीत माणूस बाही हवेत ठेवून कशाची वाट बघतो, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

अशात तिची बाळंतपणाची आणि त्यानंतर वाढवून घेतलेली सगळी रजा संपत आली. सोमवारपासून ऑफिस. भुंगीला कोणाजवळ ठेवायचं, यावर नवरा-बायको स्वयंपाकघरात कुजबुजत. भुंगी म्हणजे नुकतीच पावलं टाकायला लागलेली मुलगी. दिवसभर काहीतरी गुणगुणायची, म्हणून भुंगी.

"पाळणाघर बघून ठेवू या," ती म्हणाली.

"बाबा आहेत की घरात," नवरा म्हणाला.

"बाबा घरात असतात रे. पण असतात का?"

हे वाक्य ती जरा मोठ्याने बोलली असावी. कारण संध्याकाळी आजोबा म्हणाले, "मी जरा थोरल्याकडे जाऊन राहावं म्हणतो. त्याचं घर मोठं आहे. इथे तसं माझं काम काय?" थोरला म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. त्याच्याशी त्यांचं उसने पैसे बुडवलेल्या शेजाऱ्याशी असावं इतपतच बोलणं होतं. आई गेली, आणि आता बाबाही बॅग भरणार, तेही आपण स्वयंपाकघरात हळू बोललो नाही म्हणून.

"कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "शनिवारी तुम्ही भुंगीला एकट्याने बागेत घेऊन जा. नीट आणलंत की सोमवारपासून ती तुमच्याकडे."

"आणि नाही आणलं तर?"

ती भुंगीची टोपी शोधायला उठली.

भुंगीच्या आत्याने तिला एक तीनचाकी पाठवली होती. मागून ढकलायला दांडा, पोटाला पट्टा, आणि हँडलवर ही एवढी चकचकीत घंटी. शनिवारी भुंगीला त्यात बसवून आईने सूचना दिल्या. टोपी काढू देऊ नका. पाणी थोडं थोडं पाजा. कुत्र्याजवळ नको, आइस्क्रीमवाल्याजवळ नको, घसरगुंडीच्या शिडीजवळ तर नकोच.

"अगं, मी आयुष्यभर माणसांनी भरलेली बस चालवली," आजोबा म्हणाले.

"त्यातलं कोणी द्राक्ष घशात अडकवत नव्हतं."

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. बाग गल्लीच्या टोकाला, गॅलरीतून दिसणारी. आजोबा फाटकापाशी आले आणि दांडा धरून उभे राहिले. उभेच. समोरून सायकलवाला गेला, पेपरवाला गेला, मांजर गेलं. तिने डोळे मिटून घेतले. झालं. पाळणाघर.

खाली भुंगीला घंटी सापडली. टिंग टिंग.

आजोबा चालू लागले.

असे चालू लागले की तसं चालणं तिने वर्षभरात बघितलं नव्हतं. पाठ ताठ, नजर समोर, कडेच्या खड्ड्याला सफाईदार वळसा. कोपऱ्यावर भुंगीने एकदा टिंग केलं, आजोबा जागच्या जागी थांबले. टिंग टिंग, पुन्हा निघाले. भुंगीला चांगलाच शोध लागला होता. ती खदखदून हसत होती. गॅलरीत तिची आईही हसली. तिला वाटलं, आपण उगीच घाबरतो.

मग बाग आली. भुंगीने टिंग टिंग केलं. आणि आजोबा बागेत न वळता सरळ मोठ्या रस्त्याला लागून दिसेनासे झाले.

तिने त्यांना फोन लावला. तो आतल्या खोलीत टेबलावर वाजला. ती जिना उतरून धावत सुटली तेव्हा तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्यात नवऱ्याची.

मोठ्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात तिने विचारलं, "एक आजोबा, तीनचाकीवर छोटी मुलगी?"

"आत्ताच गेले," दुकानदार म्हणाला. "दारात थांबले होते. गिऱ्हाइकांना म्हणाले, दारात गर्दी करू नका, आत सरका. सगळे सरकले हो. मीही सरकलो."

पुढच्या बसस्टॉपवर बाकड्यावर कोणीच नव्हतं. शेजारचा चांभार म्हणाला, "सगळे त्यांच्यामागे गेले. तुम्हालाही जायचं असेल तर पटापट चाला. गाडी वेळेवर आहे."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा जुना मार्ग होता. बाबांच्या बसचा. बाबा एकेक स्टॉप घेत चालले होते, आणि डबल बेल द्यायला हँडलवर एक नवीन कंडक्टर बसली होती. आईचे शब्द तिला आता असे लख्ख ऐकू आले की ती वळून बघायचीच बाकी होती.

टपाल कचेरीच्या पुढे तिला वरात दिसली. सर्वांत पुढे भुंगी. तिच्यामागे दांडा धरलेले आजोबा. त्यांच्यामागे एक निवृत्त शिंपी, भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई, आणि एकेकाळी याच बसने शाळेत जाणारा, आता टक्कल पडलेला एक गृहस्थ. आणि या सगळ्यांच्या मागे, पावलापावलाने, एक खरीखुरी बस. बसच्या मागे रस्त्यावर जे काही चालू होतं, ते आवाजावरूनच कळत होतं.

"अहो, पुढे काढा ना गाडी," ती बसच्या ड्रायव्हरला म्हणाली.

ड्रायव्हर तरुण होता. तो कासावीस होऊन म्हणाला, "ताई, कशी काढू? उस्ताद आहेत ते. यांनी गाडी शिकवली मला. उस्तादांना ओव्हरटेक करू?"

"उस्ताद तीनचाकी ढकलतायत."

"म्हणून काय झालं. लाइनीत आहेत."

ती धावत पुढे गेली. "बाबा."

आजोबांनी नजर रस्त्यावरून न काढता म्हटलं, "तू कशाला आलीस? मुद्दामच या बाजूला आलो. बागेत डास फार."

"आणि ही माणसं?"

"कोणती?" आजोबांनी मागे बघितलं. माणसं बघून त्यांनाही नवल वाटलं असावं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

"मी मुद्दामच चालतोय," शिंपी म्हणाला. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मलाही इकडेच यायचं होतं," आजीबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"घरी."

"घर कुठे तुमचं?"

आजीबाईंनी जरा विचार केला. "ते मागे राहिलं," त्या म्हणाल्या. "पण यांना बघितलं आणि पाय आपोआप निघाले बाई. किती वर्षं यांच्या गाडीने गेले मी. कंडक्टरबाई मला उतरताना हात द्यायच्या."

तेवढ्यात टिंग, अशी एक घंटा वाजली. आजोबा थांबले. वरात थांबली. बस थांबली. सगळे डबल बेलची वाट बघू लागले.

ती आलीच नाही. भुंगीची मान एका बाजूला कलली होती. घंटीवर हात ठेवून ती गाढ झोपली होती.

"चला बाबा आता, घरी," तिची आई म्हणाली.

"चला."

आजोबा जागचे हलले नाहीत.

"चला ना."

"चाललोय की." मग आपण चालत नाही हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आलं. "मुद्दामच थांबलोय. पोर झोपलंय, हिसका बसेल." बोलताना त्यांचे हात दांड्यावर होते, नजर समोर होती. पॅसेजमध्ये टॉवेल टाकून उभे राहायचे ते हेच बाबा. ते विसरत नव्हते. त्यांना सगळं आठवत होतं. ते फक्त स्टॉपवर होते, आणि मागून कोणी दोरी ओढत नव्हतं. वर्ष होत आलं होतं.

मागच्या हॉर्नांनी आता रस्ता डोक्यावर घेतला. बसचा कंडक्टर खाली उतरून कपाळाला हात लावून उभा राहिला. तिने ठरवलं की आधी तीनचाकी फुटपाथवर घ्यायची, मग बाबांचा हात धरून वळवायचं, मग जमलेल्या माणसांची माफी मागायची. असं सगळं तिने व्यवस्थित ठरवलं.

आणि तिच्या हातांनी भलतंच केलं. ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने आपला तळवा बसच्या पत्र्यावर मारावा तसा शेजारच्या टपालपेटीवर थापला. धप, धप. "येऊ द्या," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "येऊ द्या मागे. अजून येऊ द्या. डावीकडे थोडं. येऊ द्या, येऊ द्या..."

शेवटच्या स्टॉपवर गाडी मागे घेताना आई अशीच पत्रा थापटत ओरडायची. मुलगी मागच्या सीटवरून ऐकत असे, गणितं सोडवता सोडवता. तो आवाज आपल्या घशात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. शिंपी बाजूला झाला, टकले गृहस्थ बाजूला झाले, आजीबाईंनी पिशवी छातीशी धरली. आजोबांनी मागे न बघता, एका हाताने वळण साधत तीनचाकी अलगद मागे घेतली. भुंगीची पापणीसुद्धा हलली नाही.

"बास?" त्यांनी विचारलं.

"बास."

तीनचाकी घराच्या दिशेने तोंड करून फुटपाथला लागली होती. बस शेजारून निघाली. तरुण ड्रायव्हरने उस्तादांना सलाम ठोकला. आजोबा बराच वेळ आपल्या मुलीकडे बघत होते.

"हे कधी शिकलीस तू?"

ती गोंधळली. आपण हे का केलं, याचं काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"शिकले कुठे," ती म्हणाली. "मी मुद्दामच..." आणि पुढचं वाक्य तिला सुचेना.

आजोबा हसले. वर्षात पहिल्यांदा. मग तिने हात पुढे करून, भुंगीच्या बोटांखालची घंटी हलकेच दोनदा वाजवली.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला उठला. "घंटी काढून टाकू. म्हणजे प्रश्नच मिटला." त्याने ती काढली, कपाटात ठेवली. रविवारी सकाळी आजोबांनी कप उचलला आणि धरून बसले. चहावर साय धरली. भुंगी हँडलवरच्या रिकाम्या भोकात बोट घालून मुसमुसत बसली. दुपारी भुंगीच्या आईने स्वतः घंटी कपाटातून काढली आणि खिडकीजवळच्या खुर्चीच्या हातावर बसवली, भुंगीचा हात पोचेल अशी. तीनचाकीवर नाहीच. निदान घरातल्या घरात जे काय जायचं ते जावोत, फाटकाला तर कुलूप आहे.

"सोमवारचं काय मग?" नवऱ्याने विचारलं.

"बाबा आहेत की घरात," ती म्हणाली.

सोमवारी ती तयार झाली. डबा, किल्ली, फोन. भुंगीचं पाणी, भुंगीची टोपी, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर, नवऱ्याचा नंबर भिंतीवर, समोरच्या काकूंचाही. द्राक्षं चार तुकडे करून. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, दोन्ही स्वतःच्याच आहेत हे बघितलं, कडी काढली आणि उभी राहिली.

उभीच. बॅग खांद्यावर, हात कडीवर. जायचं हे ठरलेलं होतं, तिने स्वतःच तर ठरवलं होतं. "निघतेय हं," ती म्हणाली. पाय काही हलला नाही. आपण पुन्हा एकदा गॅस बघावा, असं तिच्या मनात आलं. मग आजचा दिवस रजाच टाकावी, असं आलं. मग बाबांना दुपारी झोप लागली तर, आणि तेवढ्यात भुंगीने...

टिंग टिंग.

ती भानावर आली तेव्हा जिना उतरून फाटकाबाहेर पोचली होती. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "आलीस बाई एकदाची. कसा गं पाय निघाला तुझा, पोरीला सोडून?" ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "ठरवलंच होतं मी. मनाचा हिय्या करावा लागतो."

संध्याकाळी घरी आली तर भुंगी धड होती, आजोबा धड होते, आणि टेबलावर चहाचा रिकामा कप होता. भुंगीला कुशीत घेऊन ती म्हणाली, "सकाळी काय बरोबर वेळेला घंटी वाजवलीस गं सोन्या. आईला ऑफिसला पाठवलंस."

"ती कुठली वाजवतेय," आजोबा पेपरातून म्हणाले. "तू निघालीस तेव्हा झोपलीच होती की ती."

तिने त्यांच्याकडे बघितलं. पेपर चेहऱ्यासमोर होता.

"मग तुम्ही वाजवलीत? मुद्दाम?"

पेपरचं एक पान उलटलं. जन्मभर ज्याने चहातल्या मिठालाही 'मुद्दाम' म्हटलं, तो माणूस घसा खाकरून म्हणाला,

"छे गं. चुकून हात लागला."

तर वाचता वाचता जरा पुस्तक खाली ठेवा. तुमच्याही घरात, आतल्या खोलीत किंवा खिडकीशी, कोणीतरी बराच वेळ नुसतं बसलेलं असेल. विचारलंत तर 'काही नाही, मुद्दामच बसलोय' म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. हातातल्या कपातला चहा निवलाय का, ते बघून या.